रेझिनचा बिल्ला घेताना: आधी नंबर, मग नक्षी

आमच्या बंड्या कुत्र्याच्या गळ्यातला, हरवला तर ओळख पटावी म्हणून घातलेला, पहिला बिल्ला फार देखणा होता. निळसर पारदर्शक रेझिन (ओतल्यावर कडक होणारं प्लास्टिकसारखं द्रव्य), आत वाळवलेली पांढरी फुलं, त्यावर ग्लिटरची पखरण आणि सोनेरी आकड्यांत माझा नंबर. एका रात्री विजांच्या कडकडाटाला घाबरून तो फाटकाखालून निसटला. ज्या काकूंना तो सापडला त्यांनी त्याला घरात घेतलं, पाणी दिलं आणि बिल्ल्यावरचा नंबर लावला. दोनदा तो भलतीकडेच लागला. टॉर्चच्या उजेडात ग्लिटर चमचमत होतं आणि सोनेरी आकड्यांतला एक कुठला नि सात कुठला हे त्यांना कळेना. सकाळी उन्हात धरल्यावर नंबर वाचता आला. ती सगळी रात्र मी रस्त्यांवर हाका मारत फिरले आणि बंड्या चार गल्ल्या पलीकडे बसून होता.

त्यानंतर घरातल्या दोन कुत्र्यांसाठी आणि टिल्ली मांजरीसाठी मी हाताने बनवलेले बरेच बिल्ले घेतले. काही पिवळे पडले, एक वाकला, एक कडीतून सुटून हरवला, एक चिकट राहिला म्हणून परत गेला. तरी रेझिन मला आवडतं. वजनाला हलकं, न गंजणारं, चालताना पत्र्यासारखं खणखणत नाही, आणि ज्याच्या गळ्यात घालायचं त्याला शोभेल असं बनवून घेता येतं. पहिल्यांदा घेणाऱ्याने कुठल्या क्रमाने विचार करावा, ते इथे सांगते.

जवळ ठेवायच्या गोष्टी:

- पट्टा आणि मोजायची टेप
- स्टेनलेस स्टीलच्या दोन जादा दुहेरी कड्या (किल्ल्यांच्या जुडग्याला असते तशी, पण लहान)
- मऊ सुती फडकं, जुना मऊ टूथब्रश, भांड्यांचा सौम्य लिक्विड साबण
- मायक्रोचिप (जनावराच्या कातडीखाली बसवायची ओळखीची चिप) बसवलेली असेल तर तिच्या नोंदणीचा कागद

१. आधी मजकूर कागदावर लिहा

रंग, फुलं, आकार हे सगळं नंतर. आधी एका कागदावर बिल्ल्याएवढा गोल काढा आणि त्यात काय मावतं ते बघा. माझा क्रम असा: पहिला फोन नंबर, दुसऱ्या माणसाचा फोन नंबर, मग जागा उरली तर जनावराचं नाव. दुसरा नंबर लागतोच. जनावर हरवलेलं असताना तुम्ही शोधायला बाहेर पडलेले असता, फोनची बॅटरी उतरलेली असते. तेव्हा घरी बसलेल्या कुणाचा तरी नंबर लागला पाहिजे.

रोजचं औषध चालू असेल तर ‘औषध चालू आहे’ एवढे तीन शब्द जरूर घाला. सापडलेलं जनावर ‘सकाळी बघू’ म्हणून ठेवून घेणारा माणूस ते वाचून लगेच फोन करतो. परदेशी घेऊन जाणार असाल तर नंबरापुढे देशाचा कोड हवा. पूर्ण पत्ता मी घालत नाही. त्यात जागा जाते, आणि घर बदललं की तो चुकीचा ठरतो.

आकड्यांची उंची ३ मिलिमीटरपेक्षा कमी नको. दहा आकडे त्या मापात लिहिले तर ओळ साधारण २२ ते २५ मिलिमीटर लांब होते. म्हणजे २५ मिलिमीटर व्यासाच्या गोल बिल्ल्यावर ती एका ओळीत बसणार नाही, कारण गोलाची पूर्ण रुंदी फक्त मधोमध मिळते. नंबर पाच-पाच आकड्यांच्या दोन ओळींत तोडा, नाहीतर हाडाच्या आकाराचा किंवा आयताकृती बिल्ला घ्या. बनवणारे बऱ्याचदा अक्षर बारीक करून बसवून देतात. ते करू देऊ नका.

अक्षर साधं, सरळ, जाड. वळणदार अक्षरात एक आणि सात, तीन आणि आठ यांची गल्लत होते. गडद आकडे फिक्या पृष्ठभागावर, किंवा त्याच्या उलट. सोनेरी, चंदेरी, ग्लिटरवरचं काहीही नंबरासाठी नको. ग्लिटर हवंच असेल तर एका बाजूला ते आणि दुसऱ्या बाजूला एकरंगी पार्श्वभूमीवर नंबर. हल्ली मी प्रत्येक वेळी असंच करून घेते.

२. आकडे कुठे बसवलेत ते विचारा

बिल्ला किती वर्षं कामाचा राहील, हे सगळ्यात जास्त यावर ठरतं. चार पद्धती नेहमी दिसतात.

रेझिन सुकल्यावर वरून चिकटवलेलं स्टिकर किंवा रंगवलेली अक्षरं ही सगळ्यात कच्ची. गळ्याखाली बिल्ला सतत पट्ट्यावर, केसांवर, जमिनीवर घासतो आणि नेमके आकडे आधी जातात. कापलेल्या व्हिनाइलची (पातळ चिकट प्लास्टिकची) अक्षरं खालच्या थरावर लावून त्यावर रेझिनचा पारदर्शक थर ओतलेला असेल तर ती टिकतात, कारण घासतो तो वरचा थर.

छापील कागद आत बसवलेला असेल तर तो आधी नीट सील केला होता का, हे विचारा. उघडा कागद रेझिन पितो, तेलकट कागदासारखा अर्धपारदर्शक होतो आणि शाई पसरू शकते. कडेपर्यंत आलेल्या कागदातून पुढे ओलही शिरते.

कोरलेली आणि रंग भरलेली अक्षरं चांगली, पण खोली पुरेशी हवी. नख फिरवल्यावर खाच जाणवली पाहिजे. रंग उडाला तरी खाचेवरून आकडा ओळखता येतो.

माझी स्वतःची पसंती मात्र वेगळी आहे: मागे स्टेनलेस स्टीलचा पत्रा आणि त्यावर कोरलेला नंबर, पुढे रेझिनचा फुगीर थर आणि त्यात हवी ती नक्षी. वजन थोडं वाढतं, पण रेझिन ओरखडलं, पिवळं पडलं, अगदी निघून आलं तरी नंबर शाबूत राहतो. मोठ्या आणि दांडगट कुत्र्यासाठी मी दुसरं काही घेणार नाही.

क्यूआर कोडबद्दल थोडं. फुगीर रेझिनवर उजेड चमकला की फोनला तो वाचता येत नाही, आणि बारीक कोडवर ओरखडे पडले की संपलंच. क्यूआर कोडमध्ये चूक दुरुस्त करायची सोय असते. तिच्या सगळ्यात वरच्या पातळीत सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी मजकूर वाचता येतो. कोड घ्यायचाच तर ही पातळी वापरून, काळा कोड पांढऱ्यावर, सपाट बाजूला घ्या. त्यामागचं पान ज्या सेवेवर आहे ती बंद पडली तर कोडचा उपयोग शून्य, म्हणून शेजारी आकड्यांत नंबर असलाच पाहिजे.

३. रेझिन कुठलं आहे ते समजून घ्या

हाताने बनवणारे मुख्यतः दोन प्रकार वापरतात.

पहिलं इपॉक्सी. यात रेझिन आणि हार्डनर असे दोन द्रव ठरावीक प्रमाणात मिसळतात. काहींचं प्रमाण एकास एक, काहींचं दोनास एक. जे डब्यावर लिहिलंय तेच पाळावं लागतं. प्रमाण चुकलं किंवा नीट ढवळलं नाही की काही जागा कायमच्या चिकट राहतात. बहुतेक इपॉक्सी साच्यातून दिवसभरात काढता येतं, पण पूर्ण कडक व्हायला त्याला ३ ते ७ दिवस लागतात. तुमची ऑर्डर दुसऱ्याच दिवशी निघणार असेल तर ‘ओतून किती दिवस झाले?’ हा प्रश्न रास्त आहे.

दुसरं यूव्ही रेझिन. ते अतिनील दिव्याखाली काही मिनिटांत घट्ट होतं. अडचण अशी की प्रकाश पोहोचेल तिथपर्यंतच ते घट्ट होतं. जाड थर एकदम ओतला, किंवा त्यात पांढरा-काळा दाट रंग मिसळला, तर वरून कडक आणि आतून कच्चं असा बिल्ला तयार होतो. पातळ थर एकावर एक देऊन, प्रत्येक थर दिव्याखाली धरून केलेलं काम चांगलं असतं.

कच्च्या रेझिनबद्दल मी इतकं का बोलते? कच्चं इपॉक्सी आणि त्याचा हार्डनर त्वचेला त्रास देतात. वारंवार संपर्क आला तर कायमची ॲलर्जी जडू शकते. हा बिल्ला जनावराच्या गळ्याला दिवसरात्र लागून राहणार असतो. घरीच बनवायचा विचार असेल तर नायट्राइलचे हातमोजे घाला, हवा खेळती ठेवा, घासताना धूळ नाकात जाऊ नये म्हणून मास्क लावा, आणि पूर्ण सुकेपर्यंत जनावरांना त्या खोलीत येऊ देऊ नका. ओल्या रेझिनवर बसलेला एक केस काढता येतो, पण पंज्याला लागलेलं रेझिन चाटलं गेलं तर धावपळ होते.

आत फुलं हवी असतील तर ती पूर्ण वाळलेली लागतात. ओल राहिली की फुलं तपकिरी पडतात आणि भोवती बुडबुडे धरतात. पूर्ण वाळलेल्या फुलांचाही रंग उन्हात हळूहळू उतरतो, तेवढं धरून चाला.

४. माप आणि वजन

रेझिन हलकं असतं. एका घन सेंटिमीटरला साधारण १.१ ते १.२ ग्रॅम, ॲल्युमिनियम २.७ आणि स्टील जवळजवळ ८. त्यामुळे ३२ मिलिमीटर व्यासाचा, ४ मिलिमीटर जाडीचा गोल बिल्ला चार ग्रॅमच्या आतच भरतो.

मांजर आणि छोट्या जातीच्या कुत्र्यांसाठी २५ मिलिमीटरच्या आसपास, मध्यम कुत्र्यांसाठी ३० ते ३२, मोठ्यांसाठी ३८ पर्यंत, हे मला जमून आलेलं माप. जाडी ३ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर बिल्ला पटकन चिरतो. मोठा बिल्ला खाली लोंबून पाण्याच्या भांड्यात बुडतो आणि हनुवटीखालची जागा कायम ओली राहते. खूप केसाळ कुत्र्याला ते लक्षात येईपर्यंत उशीर होतो.

५. भोक आणि कडी: बिल्ले हरवतात ते इथे

तुटून हरवलेले आणि कडीतून सुटून हरवलेले बिल्ले मोजले, तर माझ्या ओळखीतले बहुतेक दुसऱ्या प्रकारातले निघतील. लोक नक्षी तासभर बघतात आणि कडीकडे बघतही नाहीत.

भोक आणि बिल्ल्याची कड यांच्यात निदान ३ मिलिमीटर रेझिन उरलं पाहिजे. भोकाजवळ बुडबुडा दिसला तर तो बिल्ला घेऊ नका, कारण चीर तिथूनच सुरू होते. साच्यातच ठेवलेलं भोक मला जास्त भरवशाचं वाटतं. ड्रिलने पाडलं असेल तर कडा गुळगुळीत आहेत का ते बघा. भोकात धातूची आयलेट (भोकाला आतून अस्तर देणारी छोटी गोल नळी) बसवलेली असेल तर फार उत्तम. स्टीलची कडी रेझिनला करवतीसारखी कापत जाते, ते थांबतं.

काही बिल्ल्यांना भोक नसतं. वरच्या कडेत एक छोटा हूक स्क्रूसारखा फिरवून बसवलेला असतो. दागिन्याला ते चालतं. कुत्र्याने झुडपात मान घातली की तो हूक उपटून येतो. असा बिल्ला कितीही सुंदर असला तरी नको म्हणा.

कडीचंही तसंच. दागिन्यांत वापरतात ती एकेरी कडी, जिची दोन टोकं नुसती एकमेकांना टेकलेली असतात, ती ओढ बसली की उघडते. टिल्लीचा बिल्ला असाच गेला. कडी पट्ट्यात अडकलेली सापडली, बिल्ला कधीच नाही. दुहेरी वेटोळ्याची कडी मागा, स्टेनलेस स्टीलची, ३०४ किंवा ३१६ प्रतीची. मुलामा दिलेल्या स्वस्त कड्यांचा मुलामा उडतो, गंज धरतो, आणि निकेलची ॲलर्जी असलेल्या जनावराच्या गळ्याला खाज सुटते. कडी उघडायला तुमचं नख तुटायची वेळ आली तर ती योग्य कडी.

६. ऑर्डर देताना विचारायचे प्रश्न

बनवणारी व्यक्ती बहुधा एकटीच सगळं काम करत असते आणि मनापासून करते, तेव्हा सरळ विचारायला संकोच नको. मी हे विचारते:

- इपॉक्सी की यूव्ही? पाठवण्याआधी किती दिवस कडक होऊ देता?
- आकडे थराच्या आत आहेत की वरून?
- कडी कुठल्या धातूची, एकेरी की दुहेरी?
- उन्हाने पिवळं पडू नये म्हणून रेझिनमध्ये संरक्षण आहे का?
- पाठवण्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो मिळेल का?

नंबर नेहमी टाइप करून पाठवा, फोनवर बोलून नको. आणि फोटो आला की त्यातला नंबर डायल करून बघा. डोळा ओळखीच्या आकड्यांवरून घसरतो. डायल केलं की चूक लगेच कळते.

७. हातात आल्यावर तपासणी

पाकीट उघडल्यावर लगेच गळ्यात घालू नका. आधी वास घ्या. पूर्ण कडक झालेल्या रेझिनला वास जवळपास नसतो. उग्र वास म्हणजे काहीतरी कच्चं आहे. बोट फिरवा, चिकट लागता कामा नये. कडेवर नख दाबा. खूण उमटून राहिली तर आठवडाभर हवेशीर जागी ठेवून पुन्हा बघा. तरीही उमटली तर परत करा.

कडा धारदार आहेत का, साच्याची पातळ पापडी कुठे राहिलीय का, हे गालावर फिरवून बघते मी. आणि शेवटची परीक्षा संध्याकाळची: अंधारून आल्यावर बिल्ला हातभर अंतरावर धरून टॉर्च मारा, आणि ज्याला तुमचा नंबर पाठ नाही अशा कुणाला तो वाचायला सांगा. पाच सेकंदांत वाचता आला पाहिजे.

८. गळ्यात घालताना

मांजरीला बिल्ला घालायचा तर पट्टा ओढ बसताच आपोआप सुटणाराच हवा. मांजर फांदीत, कुंपणात अडकते आणि साध्या पट्ट्याने गळफास बसतो. पट्ट्यासकट बिल्ला हरवला तर हरवू द्या.

पट्टा आणि मान यांच्यात दोन बोटं सहज जायला हवीत. पिंजऱ्यात किंवा जाळीच्या क्रेटमध्ये ठेवताना पट्टा काढा, कारण लोंबणारा बिल्ला सळ्यांत अडकतो. दोन कुत्री दंगामस्ती करतात तेव्हाही काढलेला बरा. एकाचा जबडा दुसऱ्याच्या पट्ट्यात अडकण्याचे प्रकार घडतात.

दात येणाऱ्या पिल्लाला रेझिनचा बिल्ला देऊच नका. पिल्लं एकमेकांच्या गळ्यातलं चावतात. चावलेल्या रेझिनचे तुकडे टोकदार असतात आणि गिळले गेले तर थेट डॉक्टरकडे जावं लागतं. पक्के दात येईपर्यंत पट्ट्यावर शिवलेलं नाव-नंबर किंवा पट्ट्याला सपाट बसणारी धातूची पट्टी पुरते.

मायक्रोचिप असली तरी बिल्ला हवा. चिप तांदळाच्या दाण्याएवढी, खांद्यांच्या मधल्या कातडीखाली बसवतात. तिच्यात एक क्रमांक असतो, आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे १५ आकडी, आणि तो वाचायला यंत्र लागतं. चिप जनावर कुठे आहे हे सांगत नाही. ज्याच्याकडे यंत्र नाही अशा वाटेवरच्या माणसासाठी बिल्ला, आणि बिल्ला हरवला तर चिप. फोन नंबर बदलला की बिल्ल्याबरोबर चिपच्या नोंदणीतही तो बदला. हे फार जण विसरतात.

९. निगा

आठवड्यातून एकदा कोमट पाणी, साबणाचा थेंब आणि मऊ ब्रश. कोरलेल्या अक्षरांत आणि कडीच्या वेटोळ्यात मळ साठतो, तिथे ब्रश फिरवा. फडक्याने पुसून पूर्ण कोरडा करा. समुद्रात किंवा क्लोरीनच्या पाण्यात पोहून आल्यावर साध्या पाण्याने धुवा.

टाळायच्या गोष्टी नीट लक्षात ठेवा. ॲसिटोन म्हणजे नेलपॉलिश रिमूव्हर, सॅनिटायझर आणि स्पिरिट यांनी रेझिनची चकाकी जाते, पृष्ठभाग धूसर होतो. ब्लीच नको. उकळतं पाणी आणि डिशवॉशर तर नकोच: घरगुती ओतकामाचं बरंचसं इपॉक्सी ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडायला लागतं. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीतही तापमान तिथवर जातं. आमचा वाकलेला बिल्ला डॅशबोर्डवर राहिला होता. वाकलाच तर गरम (पण उकळत्या नव्हे) पाण्यात धरून सपाट जागी वजनाखाली थंड होऊ द्या; थोडाफार सरळ होतो.

गोचीड-पिसवांचं मानेवर टाकायचं औषध देताना पट्टा आणि बिल्ला काढून ठेवा आणि औषध पूर्ण वाळल्यावरच घाला. त्यातल्या द्रावकांनी प्लास्टिक आणि रंग खराब होऊ शकतात, आणि औषधही कातडीऐवजी पट्ट्याला लागून वाया जातं.

बारीक ओरखडे काढता येतात. १०००, मग २०००, मग ३००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवा, शेवटी प्लास्टिकचं पॉलिश लावा आणि धुऊन टाका. वरून लावलेल्या अक्षरांच्या बिल्ल्यावर हे करू नका. ओरखड्यांबरोबर नंबरही जाईल. पिवळेपणा मात्र जात नाही. अतिनील किरणांनी रेझिनच बदललेलं असतं. फिक्या आणि पारदर्शक बिल्ल्यात तो लवकर दिसतो, गडद रंगात उशिरा. पिवळ्या बिल्ल्यावर आकडे वाचता येत असतील तर तो कामाचा आहे, खुशाल वापरा.

१०. कधी बदलायचा

महिन्याच्या पहिल्या तारखेला मी तिन्ही बिल्ले हातात घेऊन बघते. कडीची वेटोळी एकमेकांपासून फाकलीत का, भोक एका बाजूला झिजून लांबट झालंय का, भोकापासून कडेकडे बारीक पांढरी रेघ गेलीय का. रेघ दिसली तर त्याच दिवशी बिल्ला उतरवा. ती चीर असते आणि सुपर ग्लूने भरली तरी ओढीला टिकत नाही. कडी फाकली तर नुसती कडी बदला. एकही आकडा अर्धवट दिसायला लागला की नवा बिल्ला मागवायचा, आणि तो येईपर्यंत पट्ट्याच्या आतल्या बाजूला कायमस्वरूपी मार्करने नंबर लिहून ठेवायचा.

पहिल्याच ऑर्डरला एकसारखे दोन बिल्ले सांगा. हाताने बनवलेली वस्तू तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे जातात, आणि जनावर तेवढे दिवस बिल्ल्याशिवाय फिरायला नको. दुसरा बिल्ला कडीसकट एका कापडी पिशवीत, उन्हापासून दूर, लसीकरणाच्या कार्डाजवळ ठेवा.